पैसाअडक्यातला अडका कुठे गेला?

लग्नघरात दोन दिवस आधी जाऊन बसा आणि नुसतं ऐका. मावशी विचारतेय, "भांडीकुंडी घासून झाली का गं सगळी?" काका पिशव्या घेऊन बाजारहाटाला निघालेत. आजीची बारीक नजर मानपानावर आहे: कुणाला साडी गेली, कुणाची नुसत्या ब्लाउजपीसवर बोळवण झाली. कपडेलत्ते बॅगांत, पैसाअडका आईच्या पर्समध्ये, नातीगोती बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसलेली आणि गच्चीवर पोरांची अंगतपंगत.

आता यातला एकेक शब्द मधोमध कापा. भांडी कळली, पण कुंडी? तुळशीची कुंडी घासायला तर मावशीने सांगितलेलं नाही. बाजार कळला, हाट म्हणजे काय? पैसा कळला, अडका कुणी पाहिलाय? रोज वापरतो त्या शब्दांतला अर्धा भाग आपण न समजता बोलतो आणि समोरच्यालाही तो न समजता पोचतो. व्यवहार कुठेच अडत नाही, म्हणून आपण कधी थांबत नाही.

शाळेच्या व्याकरणात हे बहुतेक शब्द 'अंशाभ्यस्त' किंवा जोडशब्द म्हणून एका ओळीत उभे केलेले असतात. पाठ करायचे आणि पेपरात लिहून मोकळं व्हायचं. पण ते एका जातीचे नाहीत. काहींचा अर्धा भाग म्हणजे नुसती सावली, तिला अर्थ कधी नव्हताच. काहींचा अर्धा भाग एकेकाळी चांगला जिवंत शब्द होता. पुढे एकट्याने चालेनासा झाला, म्हणून जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकून इथवर आला. विचित्र वाटणाऱ्या शब्दाचा अर्थ शोधायचा तर पहिला प्रश्न हाच: समोर आहे ती सावली की माणूस?

सावली ओळखणं सोपं आहे, कारण मराठीत ती पाडायची यंत्रं ठरलेली आहेत. एक यंत्र सगळ्यांना माहीत आहे. कुठलाही शब्द घ्या, पहिल्या अक्षराच्या जागी 'बि' लावा आणि मागे जोडून द्या. चहाबिहा, पाणीबिणी, लग्नबिग्न. हे यंत्र इतकं धडधाकट आहे की कालपरवा आलेल्या शब्दांवरही चालतं: मोबाइलबिबाइल, ओटीपीबिटीपी. (बिस्किटापाशी मात्र ते अडतं. बिचाऱ्याची सुरुवातच 'बि'ने होते.) इथे 'बिहा' किंवा 'बिणी' यांचा अर्थ शोधायला कोश उघडणारा माणूस वेळ फुकट घालवेल.

दुसरं यंत्र कमी लोकांच्या लक्षात येतं, कारण ते उलटं चालतं. त्यात सावली पुढे येते आणि खरा शब्द मागे राहतो. कृती अशी: खऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन काढून टाका, उरलेला स्वर तसाच ठेवा आणि तो तुकडा आधी बोला. पंगतमधला प काढला की अंगत, म्हणून अंगतपंगत. बदलचं अदल, म्हणून अदलाबदल. मधूनचं अधून, भवतीचं अवती, पघळचं अघळ. आजूबाजूतल्या 'आजू'ला म्हणूनच काही अर्थ नाही. 'बाजू' मात्र फारसीतून आलेला खरा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ हात, दंड असा आहे. दंडावर बांधायच्या दागिन्याला आपण बाजूबंद म्हणतो त्यात तो अर्थ अजून शाबूत आहे. संस्कृतातला 'बाहू' आणि फारसीतला 'बाजू' हे लांबचे भाऊ, कारण दोन्ही भाषांचं मूळ एकच. शरीराचा हात, मग हाताकडचा भाग, मग नुसतीच दिशा, असा त्याचा प्रवास झाला.

या यंत्राचा उपयोग भामट्या व्युत्पत्त्या पकडायला फार होतो. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना म्हणतात, "इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो." आता 'इडा' म्हणजे काय, असं विचारलंत की कुणीतरी नक्की योगशास्त्रातली इडा नाडी काढून दाखवेल, वर पिंगलेचाही उल्लेख करेल. ऐकायला भारदस्त वाटतं. पण पीडेतला प काढून बघा: इडा. अंगतपंगत ज्या साच्यातून निघाली त्याच साच्यातून इडापिडा निघते. एका साच्याने सहा शब्दांचा उलगडा होत असेल तर सातव्यासाठी नाडीशास्त्रापर्यंत धावायची गरज नाही, असं माझं मत आहे. आणि मला सांगा, टळायला हवी ती पीडा. नाडी टळून कसं चालेल?

आता हीच कसोटी 'ऐसपैस'ला लावा. पैसमधला प काढला की ऐस उरतं. म्हणजे ऐस ही सावली आणि पैस हा माणूस. मग पैस म्हणजे काय? पैशाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा, अवकाश. हा शब्द एकटा उभा असलेला पाहायचा असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यात नेवाशाला जावं लागेल. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवरचं निरूपण केलं असं मानतात, त्याला 'पैसाचा खांब' म्हणतात. पहिल्यांदा ते नाव वाचणारे बरेच जण तिथे दान टाकायची पेटी असणार अशा समजुतीने जातात. शब्द बोलीतून गळाला, पण एका खांबाला आणि एका जोडशब्दाला चिकटून राहिला. अशा जागा शोधणं हाच या छंदातला निम्मा आनंद आहे: म्हण, स्थळनाम, आडनाव, दागिना, एखादा विधी. तिथे जुने शब्द साठून राहतात.

यमक जुळलं की सावलीच असणार, असं समजणंही चूक आहे. भांडीकुंडी बघा, कानाला अगदी चहाबिहासारखी लागते. पण संस्कृतात भाण्ड म्हणजे भांडं आणि कुण्ड म्हणजेही भांडंच, वाडग्यासारखं किंवा घागरीसारखं. मावशी खरं तर "भांडी आणि भांडी घासून झाली का" असं विचारत होती. पुढे कुंडीचा अर्थ आकसत रोपाच्या मडक्यापुरता उरला, म्हणून आपल्याला ती जोडी विनोदी वाटते.

मानपानाचंही तसंच. 'पान' हे मानाचं यमक म्हणून लावलेलं शेपूट नाही, ते खरोखरचं खायचं पान आहे. जुन्या गावगाड्यात समारंभात विडा आधी कुणाला द्यायचा, गंध आधी कुणाच्या कपाळी लागायचं, हे वतनाच्या हक्काइतकंच गंभीर मानलं जाई आणि त्यावरून पाटलापाटलांत पिढ्यान्पिढ्या भांडणं चालत. मान आणि पान या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दुसरी पहिलीचा जाहीर पुरावा होती. आज विड्याची जागा साडीने घेतली, पण आजीची नजर जुन्याच ठिकाणी आहे.

आता खऱ्या हरवलेल्या शब्दांकडे येऊ. नातीगोतीतलं 'गोत' सोपं आहे, ते गोत्राचं मराठी रूप. एकटं ते कुठे सापडतं? म्हणीत: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. गोतावळ्यातही आहे. शिवकाळात वतनाचे तंटे ज्या सभेपुढे चालत तिला गोतसभा म्हणत, आणि तिथल्या गोतात नुसते रक्ताचे नातेवाईक नसत, गावातले वतनदारही येत. म्हणजे नातीगोती म्हणताना आपण नकळत दोन वर्तुळं सांगतो, घरातलं आणि त्याबाहेरचं.

'अडका' हे तांब्याचं हलकं नाणं होतं. तेही एका म्हणीने जपून ठेवलंय: अडक्याची भवानी आणि सापिकेचा शेंदूर. मूर्ती स्वस्तातली, तिच्यावर खर्च मात्र मूर्तीहून जास्त. (दोनशे रुपयांच्या चपलेला पाचशेची दुरुस्ती करून घेतलेल्यांना ही म्हण आपोआप कळते.) नाणं चलनातून गेलं तसा शब्दही गेला. रुपये-आणे-पै यांतल्या पैची तीच गत झाली. 'पैपैचा हिशोब'मधून ती अजून डोकावते, इतकंच.

'हाट'साठी थोडं शास्त्र लागतं, पण ते पाच मिनिटांत शिकता येतं आणि मग आयुष्यभर पुरतं. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना शब्दांनी एक ठरावीक वळण घेतलं. जोडाक्षर आधी द्वित्त झालं, म्हणजे एकच व्यंजन दोनदा, मग त्यातलं एक गळलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. हस्तचं हत्थ, हत्थचं हात. सप्तचं सत्त, सत्तचं सात. कर्णचं कण्ण, कण्णचं कान. कर्मचं कम्म, कम्मचं काम. कार्यचं कज्ज, कज्जचं काज, म्हणून कामकाज. त्याच वळणाने 'हट्ट' म्हणजे बाजारपेठ, तिचा झाला हाट. (लहान मुलांचा हट्ट वेगळा, तो हठातून आला.) मराठीत हाट जवळजवळ विझला, तरी उत्तरेत आणि पूर्वेत आठवड्याच्या बाजाराला आजही हाटच म्हणतात. बंगालमध्ये रामपूरहाट, राजारहाट अशी गावं आहेत आणि दिल्ली हाट तर पर्यटकांनाही ठाऊक आहे. तेव्हा बाजारहाट म्हणजे फारसी बाजार आणि देशी बाजार, शेजारी शेजारी.

नियम हाती आला की माणसाला जिथे तिथे तो दिसायला लागतो. तिथे सावध राहायचं. चव्हाटा घ्या. चार रस्ते मिळतात ती जागा. त्यात 'चौ' आहे हे उघड, पण पुढे काय, हाट की वाट? चौकात बाजार भरतो म्हणून हाट बसतो. चार वाटा मिळतात म्हणून वाटही बसते. आवाजाच्या हिशेबात दोन्ही चालून जातात. नुसत्या कानावर विसंबलं तर कुठेही पोचता येतं, म्हणून जुन्या लेखनात शब्द कोणत्या रूपात आणि कोणत्या अर्थाने आला आहे, हे बघावंच लागतं.

आता माझी आवडती जोडी: कपडालत्ता. हिच्यात यमक नाही, 'बि' नाही, व्यंजन काढायची युक्तीही लागत नाही. म्हणजे लत्ता हा स्वतंत्र शब्द असणार. पण कुठला? मराठीत लत्ताप्रहार आहे, पण तो लाथेचा, कपड्यांशी त्याचं काय? शेजारी बघा, 'लक्तर' सापडतं. लक्तरं वेशीवर टांगणं आपल्याला माहीत असतं. संस्कृतात 'लक्तक' म्हणजे फाटकं, मळकं वस्त्र. त्याचं द्वित्त होऊन लत्ता. इथवर ठीक.

पण मघाचा नियम आठवा. द्वित्तातलं एक व्यंजन गळून आधीचा स्वर लांबायला हवा होता. लाथ मारायच्या लत्त्याने तो नियम पाळला आणि त्याची 'लाथ' झाली. कपड्यांच्या लत्त्याने का नाही पाळला? म्हणजे हा शब्द मराठीच्या घरात वाढलेला नसावा. जोडीदाराची झडती घेतली की संशय पक्का होतो. संस्कृत 'कर्पट', प्राकृतात 'कप्पड', आणि मराठी नियमाने त्याचं झालं 'कापड'. हा आपला घरचा शब्द. 'कपडा' हे हिंदीतलं रूप. दोन सख्खे भाऊ दोन वाटांनी आले आणि मराठीने दोघांना वेगवेगळी कामं देऊन टाकली: दुकानातल्या ताग्यात असतं ते कापड, शिवून अंगावर चढतो तो कपडा. हिंदीत 'कपडा-लत्ता' ही जोडी तयार होतीच. तेव्हा ही जोडी जोडीनेच उत्तरेतून आली, असं मानायला चांगली जागा आहे.

आणि शेवटची मौज अशी की संस्कृत कर्पटाचा अर्थही मुळात चिंधी, जुनेर असाच आहे. म्हणजे लग्नाच्या बॅगेत आपण पैठण्या आणि शेरवान्या घडी करून ठेवतो, आणि त्यांना म्हणतो काय, तर चिंध्याचिंधोट्या.

अशा जोड्यांचा आणखी एक मोठा कुटुंबकबिला आहे, त्यात दोन्ही अर्धे खरे असतात आणि दोघांचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, फक्त ते दोन वेगळ्या भाषांतून आलेले असतात. कागदपत्र: कागद फारसी, पत्र संस्कृत. पत्र म्हणजे पान, झाडाचं. पत्रावळीत ते अजून झाडाचंच आहे. लिहिण्यासाठी ताडपत्र होतं, भूर्जपत्र होतं, नंतर कागद आला, आणि आपण दोन्ही एका फायलीत लावले. धनदौलत: धन संस्कृत, दौलत अरबी. मराठ्यांच्या कागदांत दौलत म्हणजे राज्य, सत्ता, 'दौलतीचं काम' म्हणजे राज्यकारभार. अर्जविनंती: अर्ज अरबी, विनंती 'विज्ञप्ति'मधून घासत घासत आलेली. जमीनजुमला: जमीन फारसी आणि जुमला अरबी, अर्थ बेरीज, एकूण. हाच जुमला हिंदी-उर्दूत 'वाक्य' या अर्थाने वापरला जातो आणि अलीकडे राजकारण्यांनी त्याला 'पोकळ आश्वासन' करून टाकलं. आपल्या जमीनजुमल्यात मात्र तो अजून प्रामाणिकपणे बेरीज करतोय.

या जोड्या का झाल्या? 1347 साली दख्खनमध्ये बहमनी सत्ता आली आणि तिथून पुढे काही शतकं इथल्या वरिष्ठ दरबारी कारभारात फारसीचा जोर होता. दप्तरातला शब्द एक, घरातला शब्द दुसरा. दोन्ही एकत्र म्हटले की ऐकणाऱ्याला एक तरी कळणार. हे कारण मला पटतं, पण पूर्ण पुरत नाही. कारण कामकाजात दोन्ही शब्द घरचेच आहेत, तिथे कुणाला कुणाचं भाषांतर करून द्यायचं नव्हतं. मराठी माणसाला जोडीने बोलायची हौसही असणार.

या हौसेपुढे राजाज्ञाही पूर्ण चालली नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश करून घेतला, त्यात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव. पण पुढे पुण्यातून सत्ता चालवली ती पेशव्यांनी, त्या नावानेच. मुजुमदार आणि चिटणीस आडनावांत जाऊन बसले. लोकांनी मात्र निवड करायलाच नकार दिला. अर्जही ठेवला, विनंतीही ठेवली.

तुम्हाला हे स्वतः करून पाहायचं असेल तर दोन कोश जवळ हवेत. एक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती 1831 सालची आणि वाढवलेली दुसरी 1857ची, सुमारे 60,000 शब्दांची. कंपनीच्या लष्करातल्या या अधिकाऱ्याने आणि त्याच्या सोबतच्या कँडी बंधूंनी मराठी शास्त्री-पंडितांच्या मदतीने लोकांच्या तोंडचे शब्द वेचले, त्यामुळे त्यात सोवळंओवळं कमी आहे. दुसरा दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 ते 1938 या काळात आलेले सात खंड, नंतर पुरवणी. दोन्ही आज इंटरनेटवर फुकट चाळता येतात. नोंद वाचताना कंसातल्या खुणेकडे दुर्लक्ष करू नका. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदी, कानडी असं मूळ तिथे एखाद्या अक्षरात दिलेलं असतं. आणि अख्खा जोडशब्द शोधून थांबू नका. त्याचा मुका अर्धा भाग एकटा शोधा, खरा माल तिथे असतो.

खर्चवेच या शब्दाने मला ते शिकवलं. खर्च कळतो, अरबी मुळात 'बाहेर जाणं' या अर्थाचा. वेच म्हणजे मला कित्येक वर्षं फुलं वेचणंच वाटायचं. खर्च करा आणि सांडलेलं वेचा, असं काहीतरी. कोशात नुसतं 'वेच' काढलं तेव्हा अर्थ मिळाला: खर्च, व्यय. मराठीत वेचणं दोन आहेत. एक उचलून गोळा करणं, दुसरं अगदी उलट, खर्चून टाकणं. "त्यांनी देशासाठी आयुष्य वेचलं" यातलं वेचणं हे दुसरं. शोकसभेत ते वाक्य आपण शंभरदा ऐकलेलं असतं.

मग तुकोबांची पाठ असलेली ओळ पुन्हा वाचली: "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी". इथे जोडणं म्हणजे मिळवणं, वेच म्हणजे खर्च, आणि उदास म्हणजे दुःखी नव्हे, तर अलिप्त, आसक्ती नसलेला. आजच्या अर्थाने वाचलं तर कुणीतरी पैसे एकाला एक जोडून मग रडवेल्या तोंडाने खाली वाकून वेचतोय असं चित्र उभं राहतं, आणि मी खरंच बरीच वर्षं तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून तो अभंग म्हणत होतो.